भंडारदऱ्याचा पहिला पावसाळा : फिरतीवरील नव्या परिचारिकेची पूर्वतयारी

भंडारदरा म्हटले की शहरी माणसाच्या डोळ्यांसमोर विल्सन धरणाचा जलाशय, रंधा धबधबा, कळसूबाईचे शिखर आणि मे-जूनमध्ये काजव्यांनी लखलखणारी झाडे उभी राहतात. सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारी ज्या रस्त्याने जलाशयाला फेरा घालतात, त्याच रस्त्याने एरवी खांद्याला लसींची पेटी अडकवलेली एक स्त्री वाड्यावाड्यांवर जात असते. गावकरी तिला ‘सिस्टर’ म्हणतात. सरकारी कागदावर तिचे पद ‘आरोग्य सेवक, महिला’ असे असते, तर अभ्यासक्रमाच्या नावावरून शहरात ती ‘एएनएम’ म्हणून ओळखली जाते.

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ हा रूढ व्यवसाय आहे. तेथील परिचारिका एखाद्या संस्थेमार्फत साधारणतः १३ आठवड्यांच्या करारावर परगावच्या रुग्णालयात रुजू होते आणि मुदत संपली की दुसरे गाव गाठते. आपल्याकडील फिरतीची परिचारिका मात्र एकाच मुलुखात वर्षानुवर्षे फिरते. रुग्णालय रोग्याची वाट पाहते. हिला रोगी होण्याआधीच माणूस शोधावा लागतो. या कामाची पुस्तकी बाजू अभ्यासक्रमात शिकवली जाते. भंडारदऱ्यासारख्या भागात पहिल्या नेमणुकीवर येणाऱ्या मुलीची खरी परीक्षा मात्र पहिल्या पावसाळ्यात होते, आणि तिचा बराचसा निकाल एप्रिलअखेरीसच ठरून गेलेला असतो.

नेमणूक आणि मुलूख

बारावीनंतर दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी ही या पदाची प्राथमिक अट. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. नेमणूक दोन मार्गांनी होते : जिल्हा परिषदेच्या सेवेत कायमस्वरूपी, किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून ठरावीक मुदतीच्या करारावर. दोघींचे काम जवळपास सारखे, वेतन व सेवाशर्ती मात्र वेगळ्या. ही तफावत कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या आंदोलनांचा जुनाच विषय आहे आणि नव्या मुलीने रुजू होण्यापूर्वी आपला आदेश कोणत्या प्रकारचा आहे हे नीट वाचून घेणे तिच्याच हिताचे आहे.

सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा शासकीय निकष. कागदावर ३,००० हा आकडा हलका वाटतो. प्रत्यक्षात अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात तीन हजार माणसे एका गावात राहत नाहीत. ती डोंगरउतारावरच्या अनेक वाड्यांत विखुरलेली असतात. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात सुमारे ११ हजार दशलक्ष घनफूट पाणी साठते आणि या पाण्याने प्रवरेचे खोरे मधोमध अडवले आहे. शेंडीहून निघालेला रस्ता एका काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणेवरून घाटघरला पोचतो, तर दुसऱ्या काठाने मुतखेल, कोलटेंभे करीत रतनवाडी गाठतो. समोरच्या काठावरचे घर डोळ्यांना दिसते, तेथे जायला मात्र वळसा घ्यावा लागतो. लोकवस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. घाटघरला ‘जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हटले जाते, आणि जोराच्या वर्षी तेथील पाऊस ५,००० मिलिमीटरच्या घरात जातो. जिल्ह्याचे मुख्यालय असलेले अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचे अहमदनगर, येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि तिकडे दुष्काळाची चर्चा चालू असताना इकडे वाड्यांच्या वाटा पाण्याखाली असतात. मुख्यालयात ठरणारे वेळापत्रक घाटमाथ्याला अनेकदा लागू पडत नाही ते यामुळेच.

पदभार म्हणजे वही

नव्या परिचारिकेला पदभार मिळतो तो किल्ल्यांच्या जुडग्याच्या, साहित्याच्या यादीच्या आणि नोंदवह्यांच्या रूपात. रक्तदाबाचे यंत्र चालते का, वजनकाटा शून्यावर येतो का, औषधांच्या मुदती संपल्या आहेत का, हे पाहिल्याशिवाय सही करू नये असे जुन्या परिचारिका सांगतात. पण खरा वारसा पात्र जोडप्यांच्या, गरोदर मातांच्या आणि बालकांच्या नोंदवह्यांचा. त्यातील प्रत्येक नावामागचे घर पहिल्या महिन्याभरात पायी जाऊन पाहावे लागते. एका वाडीत एकाच आडनावाची घरे असतात, सुनांची नावेही पुन्हा पुन्हा तीच येतात. नुसत्या नावावर विसंबून चुकीच्या मुलाला दुसरी मात्रा दिली जाण्याचा धोका असतो. म्हणून नवऱ्याचे नाव, वाडी आणि ‘वडाच्या वरचे घर’ अशी खूण वहीत लिहिण्याची पद्धत पडली आहे.

या कामी आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यासारखा आधार नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासून आशा ही गावातलीच स्त्री या साखळीत आली. कोणत्या घरात पाळी चुकली आहे हे तिला परिचारिकेच्या आधी कळते. जुन्या सुईणीशीही वैर धरून उपयोग नसतो. बाळंतपण दवाखान्यात व्हावे हे खरे. पण सुईणीचा शब्द घरात चालतो आणि ती सोबत आली तर सासूही येते.

तारखेचे गणित

गरोदर मातेची नोंद पहिल्या १२ आठवड्यांत व्हावी आणि प्रसूतीपूर्वी किमान चार तपासण्या व्हाव्यात, हा नियम. प्रसूतीची संभाव्य तारीख काढण्याची रीत सोपी आहे : शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, अधिक नऊ महिने, अधिक सात दिवस. अडचण येते ती पहिल्या दिवसाची. घाटमाथ्यावर अनेक स्त्रियांना इंग्रजी तारीख आठवत नाही. पाळी ‘पोळ्याच्या आधी’ किंवा ‘घट बसले तेव्हा’ आली होती, असे उत्तर मिळते. नव्या परिचारिकेने खिशात त्या वर्षाची तिथी-वारांची दिनदर्शिका ठेवावी आणि सण, आठवडे बाजार, भाताची कापणी यांवरून तारीख पक्की करावी. तारीख तीन आठवड्यांनी चुकली तर साऱ्या पुढच्या योजनेचाच पाया हलतो.

हे गणित एकदा जमले की एक गोष्ट लक्षात येते. ज्यांची शेवटची पाळी पोळ्यापासून मार्गशीर्ष संपेपर्यंतच्या काळातली आहे, त्यांची बाळंतपणे जून ते सप्टेंबरमध्ये येतात. म्हणजे नेमकी ओढे भरून वाहण्याच्या, दरडी कोसळण्याच्या दिवसांत. दिवाळीत पाळी येऊन गेलेल्या मातेची तारीख जुलैअखेर वा ऑगस्टमध्ये पडते, तेव्हा भाताची आवणी उरकत आलेली असते आणि पाऊस ऐन भरात असतो. म्हणून एप्रिलअखेरीस या साऱ्या मातांची वेगळी यादी तयार हवी. यादीत केवळ तारीख पुरत नाही. घरापासून गाडीरस्त्यापर्यंत किती वेळ लागतो, मध्ये कोणता ओढा आहे, गाडी कोणाची, सोबत कोण येणार आणि घरातल्या इतर मुलांकडे कोण पाहणार, एवढे लिहिलेले असावे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बाई दवाखान्यात जायला नकार देते त्यामागे बहुधा तोच असतो.

यादीतील काही नावांपुढे लाल खूण करावी लागते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, हिमोग्लोबिन सातच्या खाली, उंची १४५ सेंटिमीटरहून कमी, आधीची शस्त्रक्रियेची प्रसूती, जुळे किंवा आडवे मूल : अशा मातांनी तारखेची वाट पाहत वाडीवर राहणे धोक्याचे. डोके ठणकणे, दृष्टी अंधुक होणे, चेहरा सुजणे, अंगावरून रक्त जाणे ही लक्षणे घरातल्या पुरुषांनाही समजावून सांगावीत, कारण रात्री निर्णय तेच घेतात. राज्यातील काही आदिवासी जिल्ह्यांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ गरोदर मातेला आधीच येऊन राहता यावे यासाठी ‘माहेरघर’ योजना राबवली गेली आहे. जेथे अशी सोय नाही तेथे रस्त्यालगतच्या गावी नातेवाइकांचे घर शोधून माता आठवडाभर आधी तेथे हलवणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. शेंडीचे प्राथमिक आरोग्य केंद्र, राजूरचे ग्रामीण रुग्णालय आणि त्यापुढे संगमनेर किंवा नाशिक, या पायऱ्यांपैकी कोणती कोणासाठी, हे आधीच ठरलेले बरे. पहाटे तीन वाजता भर पावसात ते ठरत नाही.

राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, आणि मातांसाठी १०२ क्रमांकाची. तिचा उपयोग मोठा आहे. पण गाडी रस्त्यापर्यंतच येते आणि दूरध्वनीला डोंगराआड संपर्क मिळेलच असे नाही. वाडीतून रस्त्यापर्यंतचा टप्पा डोलीचाच. कोणत्या टेकाडावर मोबाइल लागतो, मुक्कामी एसटी पहाटे किती वाजता सुटते, कोणाच्या घरी जीप आहे, ही माहिती परिचारिकेच्या वहीत औषधांच्या यादीइतकीच महत्त्वाची.

पेटीतला बर्फ

लसीकरण सत्र हे आठवड्याच्या कामातले ठरलेले काम, आणि नवख्या हातून चूक होते ती बहुधा येथेच. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. गरम झालेली लस निकामी होते हे सर्वांना ठाऊक असते. गोठलेली लसही निकामी होते हे मात्र विसरले जाते. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी थंडीने गोठल्या की परत वितळूनही उपयोगाच्या राहत नाहीत. त्यामुळे शीतपेटीतील बर्फाच्या चार पिशव्या डीप फ्रीझरमधून काढून तशाच आत घालायच्या नसतात. त्या बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच पेटीत ठेवायच्या. डिसेंबरात घाटमाथ्यावर कडाक्याची थंडी असते, तेव्हा ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

प्रत्येक कुपीवरचा चौकोन पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागावी. बाहेरच्या वर्तुळापेक्षा आतला चौकोन फिका असेल तोवर लस वापरता येते. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला तर ती बाजूला काढायची. गोवर-रुबेला आणि बीसीजी यांसारख्या, द्रावण मिसळून तयार करायच्या लसी चार तासांनंतर वापरायच्या नाहीत, मग वाडीत अजून दोन मुले बाकी असली तरी. हा निर्णय कठीण असतो. तीन तास चालून आलेली परिचारिका आणि कामावरचा खाडा करून थांबलेली आई, दोघींनाही तो जड जातो. पण उशिराच्या कुपीतून जंतुसंसर्ग होऊन बालक दगावण्याचा धोका असतो आणि तसे झाल्यास त्या वाडीचा लसीकरणावरचा विश्वास पुढे कित्येक वर्षे परत येत नाही. म्हणून गोवराची कुपी फोडण्याआधी मुले एकत्र जमवावीत, फोडून मग हाका मारत फिरू नये.

पावसाळ्याचे सामान

जूनपूर्वी उपकेंद्रात क्षारसंजीवनी, झिंकच्या गोळ्या, ब्लिचिंग पावडर, लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आणि प्रसूतीचे निर्जंतुक साहित्य पुरेसे भरून ठेवावे. अतिसार झालेल्या मुलाला क्षारसंजीवनीबरोबर १४ दिवस झिंक द्यायचे असते. जुलाब थांबले की आई गोळ्या बंद करते, म्हणून पुन्हा एक फेरी लागते. विहिरी आणि झऱ्यांचे शुद्धीकरण पुरुष आरोग्य सेवकाच्या वाट्याचे असले तरी साथ आली की जाब दोघांनाही द्यावा लागतो. भाताच्या खाचरात सर्पदंशाची भीती असते. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे, जखम कापायची नाही आणि घट्ट दोरी बांधायची नाही, हे आवणीपूर्वीच्या बैठकीत सांगून ठेवावे.

बाळंतपणानंतरचा काळही तितकाच नाजूक. ओल्या, गार घरात अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ झपाट्याने थंड पडते. त्याला लगेच आंघोळ न घालता आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालणे, हा बिनखर्ची उपाय अनेक घरांना पटवावा लागतो. आशाताईच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या भेटी ठरलेल्या असतात. ओढा आडवा आला तर त्यातली कोणती भेट चुकली हे तिने सांगायला हवे, आणि चुकल्याचे सांगितले म्हणून तिला बोल लावता कामा नये. नाहीतर वहीत सगळ्याच भेटी झालेल्या दिसतात.

स्वतःच्या सुरक्षिततेचा विषय प्रशिक्षणात ओझरताच येतो. रात्रीच्या बोलावण्यावर एकटीने जाऊ नये, जाताना कोणाकडे जात आहोत हे शेजारी सांगून जावे, ओढ्याचे पाणी गुडघ्यावर असेल तर उतरू नये. मुख्यालयी राहण्याची सक्ती आहे; पण निवासस्थान गळके असेल, दाराला कडी नसेल, तर त्याची लेखी तक्रार पहिल्याच महिन्यात करावी. तोंडी सांगितलेले कोठे नोंदले जात नाही.

भात घरात आले की दिवाळीनंतर चित्र पालटते. अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव, जुन्नरच्या बागायती पट्ट्यात जातात, आणि गरोदर स्त्रिया व तान्ही मुलेही त्यांच्यासोबत जातात. त्यांच्या हाती माता व बाल संरक्षण कार्ड असेल आणि त्यावर आजवरच्या मात्रा लिहिलेल्या असतील, तर तिकडची परिचारिका पुढचे काम करू शकते; कार्ड घरी राहिले तर साखळी तुटते. म्हणून जाणाऱ्यांच्या घरी आदल्या आठवड्यात फेरी मारून कार्ड बोचक्यात बांधले गेले आहे का हे पाहावे, मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा. शिमग्याला ही कुटुंबे परततात, तेव्हा राहिलेल्या मात्रांची मुले पुन्हा त्याच वहीत शोधायची असतात, आणि तोवर पोळ्याच्या सुमारास दिवस गेलेल्या मातांना सहावा-सातवा महिना लागलेला असतो.