डोळ्याच्या देठातला लगाम

ओढ्याकाठी खेकडे धरणाऱ्याला मादी ओळखायला वेळ लागत नाही. उलटी केली की पोटाखालची रुंद झडप दिसते. हंगाम असेल तर तिच्याखाली अंडी, नाहीतर बारीक पिल्लंच बिलगलेली. समुद्री खेकड्यांची पिल्लं आधी अळीच्या रूपात पाण्यावर वाहत फिरतात. गोड्या पाण्यात तसं नाही, अंड्यातून थेट इवला खेकडाच बाहेर येतो. म्हणून अंडी थोडी, पण मोठी आणि बलकाने भरलेली. हा बलक अंडाशयात कधी भरायचा, हे ठरवतं कोण?

उत्तराचा पहिला धागा समुद्रातल्या कोळंबीने दिला. १९४३ साली, ऐन महायुद्धात, फ्रान्सच्या पानूझ यांनी माद्यांच्या डोळ्यांचे देठच कापले. विणीचा हंगाम नसतानाही अंडाशयं भराभर वाढली. देठात दृष्टीखेरीज आणखी एक कारभार चालतो, अंडाशयाला आवरून धरणारं संप्रेरक तिथून सुटतं, हे त्यातून उमगलं. प्रयोग क्रूर खरा. पण आजही कोळंबीच्या बीजकेंद्रांत मादी लवकर विणावी म्हणून तिचा एक देठ निकामी करतात.

लगाम सापडला, पण टाच कोण मारतं? इथे गोड्या पाण्यातली खेकडी पुढे आली. जपानमध्ये ओत्सू यांनी डोंगरी ओढ्यांतल्या खेकडीच्या शरीरात छातीतली मज्जातंतूंची गाठ बसवली, आणि अंडाशय वाढीला लागलं. दोन संप्रेरकांचा हा उलटसुलट खेळ त्यांनी १९६३ मध्ये मांडला. दोनच वर्षांनी गोमेझ यांनी दक्षिण भारतातल्या भातखाचरांच्या खेकड्यात मेंदूचं रोपण करून तसाच परिणाम दाखवला. १९७० मध्ये केरळच्या के. जी. आणि रीटा आडियोडी यांनी या विषयावरचं विखुरलेलं संशोधन एका विस्तृत लेखात आणलं.

मराठवाड्यात समुद्र नाही, पण खेकडे मुबलक. त्यांतली 'बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस' ही जात विज्ञानाला माहीत झाली ती कर्नल साइक्स यांच्या दख्खनच्या खेकड्यांवरील १८३६ च्या टिपणातून. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात सत्तरच्या दशकात नागभूषणम आणि दिवाण यांनी याच खेकड्याचं प्रजननचक्र, अंडाशयातले रासायनिक बदल आणि मज्जासंस्थेतल्या स्राव करणाऱ्या पेशी तपासल्या. महागडा प्राणी परदेशातून मागवण्यापेक्षा दाराशी मिळणारा खेकडा निवडला, हे शहाणपणच. अशा खेकडीचं अंडाशय आधी पांढुरकं असतं. बलक भरत गेला की पिवळं, मग केशरी होतं. चिमट्याने कवच उचललं की नुसत्या रंगावरून तिची अवस्था कळते.

पुढे नागभूषणम आणि त्यांच्या सहकारी सरोजिनी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात मिल्टन फिंगरमन यांच्यासोबत काम करू लागले. तिथे खेकड्याचा भाऊबंद, दलदलीतला लाल क्रेफिश, हाती आला. पण प्रश्न तोच. सेरोटोनिन या मज्जारसायनाने अंडाशय पक्व होतं आणि डोपामाइन या दुसऱ्याने अडतं, असं त्यात दिसलं. देठातल्या संप्रेरकालाही सोडणारं आणि थोपवणारं कुणीतरी होतंच.