राणीची बाग कुणी राखली?

मुंबईला पाहुण्यांकडे गेलं की पोरांचा एकच हट्ट असतो, राणीची बाग दाखवा. मग आपण भायखळ्याला उतरतो, पोरं वाघ आणि पेंग्विन बघायला पळतात, आणि पाय दुखले की आपण एखाद्या मोठ्या झाडाच्या सावलीत टेकतो. आज आम्ही त्या सावलीचा इतिहास सांगणार आहोत.

ही बाग मुळात झाडांची. प्राणी नंतर आले. त्या काळी मुंबईत शेती आणि बागायतीसाठी काम करणारी एक संस्था होती. तिची जुनी बाग शिवडीला होती. संस्थेनं भायखळ्याला नवी बाग उभी केली आणि १८६२ साली ती लोकांना खुली झाली. पुढे शिवडीची जागा दफनभूमीसाठी गेली आणि तिथली बाग संपली. भायखळ्याची मात्र राहिली. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. नाव होतं इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं. लोकांनी सरळ ‘राणीची बाग’ करून टाकलं. स्वातंत्र्यानंतर तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव मिळालं.

बागेला लागूनच लालबाग-परळचं गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं चाळीत एकेका खोलीत दाटीनं राहायची. सुट्टीच्या दिवशी बायको-पोरांना घेऊन मोकळ्यावर बसायला त्यांना ही बाग जवळची होती. गरिबाच्या घरालाही परवडेल अशी ती सहल.

मग २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायचा मोठा आराखडा आला. खर्च चारशे कोटींच्या वर. परदेशातल्यासारखं प्राणीसंग्रहालय करायचं होतं. पण त्यात जुन्या झाडांचं काय होणार, हा प्रश्न मुंबईतल्या काही बायकांनी उचलला. त्या काही पुढारी नव्हत्या. त्यांनी झाडांची मोजदाद हाती धरली. हे कोणतं झाड, ते कोणतं, अशी नोंद होत गेली. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी अशी कितीतरी. यादी झाली ती ३,२१३ झाडांची, आणि त्यांच्या जाती २८६! ही यादी घेऊन त्या अधिकाऱ्यांकडे गेल्या, वारसा समितीकडे गेल्या, वर्तमानपत्रांकडे गेल्या. काही वर्षं हे चाललं. शेवटी मूळ आराखडा मागे पडला आणि बदलावा लागला.

मैत्रिणींनो, आम्हाला यातली मोजणी महत्त्वाची वाटते. ‘झाडं वाचवा’ म्हणणाऱ्याला हो हो म्हणून वाटेला लावता येतं. ‘इथं इतकी झाडं आहेत, ही त्यांची नावं’ असं म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

आपल्या गावात देवराई असेल, ओढ्याकाठची जांभळं असतील, शाळेमागची चिंच असेल. रस्ता रुंद करताना ती जातात तेव्हा किती गेली हे कुणालाच सांगता येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी समिती नेमून नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती वही कुठे आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. त्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या. कोणत्या झाडाची साल कशाला लागते, कोणता पाला भाजीला चालतो, हे आपल्या सासवांना आणि आज्यांना ठाऊक आहे. ते त्या वहीत त्यांच्या तोंडून उतरवून घ्या.

आणि राणीच्या बागेत जाल तेव्हा बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते. पोरांना वाघ दाखवून झाला की गोरखचिंचेचा बुंधाही दाखवा.