म्हातारपणचा पैसा कोणाच्या हाती?

वैनगंगेच्या काठी वसलेल्या बालाघाट शहराचे जुने नाव 'बुऱ्हा' असे होते. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून नवा जिल्हा बनविण्यात आला आणि पुढे जिल्ह्याचेच नाव शहरालाही पडले. जुन्या नावाचा वार्धक्याशी काही संबंध असेल असे नाही. तथापि माणसाने म्हातारपणी कशावर जगावे, आणि त्याच्या वाट्याचा पैसा कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर या जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. शेती, खाण आणि सरकारी साहाय्य हे वार्धक्याचे तिन्ही आधार येथे एकामागून एक आले, आणि नवा आला म्हणून जुना गेला असेही झाले नाही.

पहिला आधार धानाच्या शेतीचा. मालगुजाराच्या वाड्यात काय, साध्या कुळाच्या घरात काय, म्हातारपणची शिल्लक रुपयांत नसे. ती कोठीत भरलेल्या धानात आणि गोठ्यातल्या जनावरांत असे. कोठीची किल्ली घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला असे. किल्ली आहे तोवर तिच्या शब्दाला वजन होते. घरच्या वाटण्या झाल्या आणि किल्ली सुनेकडे गेली, की सासूला पाळीने एकेका मुलाच्या दारी जेवावे लागे. विधवेची स्थिती तर अधिकच नाजूक होती. तिला अन्नवस्त्राचा हक्क होता, पण अन्नवस्त्र म्हणजे मालकी नव्हे. मालगुजारी १९५१ साली नष्ट झाली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आईला मुलांच्या बरोबरीने वारस ठरविले आणि विधवेच्या मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. कागदावर हे फार मोठे पाऊल होते. प्रत्यक्षात मात्र सातबाऱ्यावर किंवा खसऱ्यावर नाव असलेल्या किती वृद्धांना आपल्या जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब कोणी सांगत असे, हा प्रश्न राहिलाच.

दुसरा आधार आला तो खाणींतून. मॅंगनीजच्या शोधासाठी १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली आणि भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे परदेशी पोलादाच्या व्यापाऱ्यांना ठाऊक झाली. भरवेलीची गणना आज आशियातील मोठ्या भूमिगत मॅंगनीज खाणींत होते. खाणीने शेतमजुराला रोख पैसा प्रथम दाखविला. परंतु तो पैसा अंगात बळ असेपर्यंतचाच होता. ज्याचे हात थकले त्याची मजुरी त्याच दिवशी थांबे, आणि खाणीतला वृद्ध पुन्हा गावाकडे, भावाच्या किंवा मुलाच्या कोठीकडे परते. बचतीची सोय मुळीच नव्हती असे नाही. टपाल कचेरीतील बचत बँक १ एप्रिल १८८२ पासून देशभर सुरू झालेली होती. पण आठवड्याची मजुरी वाण्याच्या उधारीत आधीच बुडालेली असेल, तर टपाल कचेरीपर्यंत जाणार काय?

सक्तीच्या बचतीचे महत्त्व येथे ध्यानात येते. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने कामगाराच्या वेतनातून रुपयामागे एक आणा कापण्यास प्रारंभ केला, आणि तितकाच आणा मालकाकडून घेतला. आरंभी हा कायदा मोजक्या कारखानदारीलाच लागू होता. मॅंगनीजच्या खाणी त्यात १९५७ साली आल्या. १९६२ साली मॅंगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली, तिच्यात केंद्र सरकारबरोबर मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही राज्येही भागीदार झाली, आणि १९७७ साली जुन्या कंपनीचे उरलेले भागही सरकारकडे आले. १९७२ च्या कायद्याने उपदान, म्हणजे ज्याला कामगार ग्रॅच्युइटी म्हणतात ते, हक्काचे झाले. त्याचा हिशेब सोपा आहे. अखेरच्या मासिक वेतनाला २६ ने भागावे, १५ ने गुणावे, आणि आलेल्या रकमेला नोकरीच्या वर्षांनी गुणावे. समजा, कोणा कामगाराचे वेतन ३०० रुपये आणि नोकरी २६ वर्षांची. तर त्याच्या हाती ४,५०० रुपये येत.

पंधरा महिन्यांचे वेतन एका दिवशी हातात येणे ही आयुष्यातील केवढी घटना! परंतु त्या एका दिवसातच संकटही दडलेले असे. जन्मभर ज्याने आठवड्याचा पैसा आठवड्यात संपविला, त्याच्यासमोर एकाएकी ढीग पडे, आणि ढिगाच्या भोवती माणसे जमत. धाकट्या मुलीचे लग्न, थोरल्याचे घर, जावयाचे दुकान. यांतली कोणतीही मागणी खोटी नसे. म्हणूनच तिला नाही म्हणणे अवघड जाई. दोन पावसाळे सरले की निधी संपे आणि निवृत्त कामगार पुन्हा मुलाच्या तोंडाकडे पाही. एकरकमी पैसा वृद्धाला पुरत नाही, हे सरकारलाही उमगण्यास वेळ लागला. १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने मृत कामगाराच्या विधवेची सोय झाली. स्वतः कामगाराला दरमहा निवृत्तिवेतन मिळू लागले ते १९९५ च्या योजनेने. त्यासाठी किमान दहा वर्षांची नोकरी आणि वयाची ५८ वर्षे पूर्ण असावी लागतात. या वेतनाची किमान मर्यादा २०१४ साली १,००० रुपये ठरली. रक्कम थोडी खरी, पण ती पुढच्या महिन्यात पुन्हा येते, आणि तिच्यासाठी घर बांधा असे कोणी म्हणत नाही.

ज्यांच्या नशिबी खाणही नव्हती आणि जमीनही, त्यांच्यासाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू झाले. केंद्राचा वाटा तेव्हा दरमहा ७५ रुपये आणि वयाची अट ६५ वर्षे. पुढे रक्कम २०० वर गेली. २०११ साली वयाची अट ६० वर आली आणि ८० वर्षांवरील वृद्धांना ५०० रुपये देण्याचे ठरले. राज्ये त्यात आपली भर घालतात. बैहरच्या डोंगरातील एखाद्या गोंड किंवा बैगा म्हातारीच्या नावावर आयुष्यात प्रथमच काही येऊ लागले, ते हे पैसे होत.

पण ते तिच्या हातात येतात का? पैसा खात्यात जमा होतो आणि पुस्तक मुलाच्या पेटीत असते. यंत्रावर अंगठा टेकावा तर शेतात आणि मातीत झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. कार्डाचा गुप्त अंक नातवाला पाठ असतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि २०१४ पासून तो यंत्रावरही देता येतो. मात्र म्हातारा जिवंत आहे एवढेच तो दाखला सांगतो, पैसे त्यानेच खर्चिले की नाही हे सांगत नाही. बँकांच्या नियमांत मार्ग आहेत. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष घेता येतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. खाते दोघांच्या नावे करून कोणा एकाच्या सहीने पैसे काढण्याची सोयही आहे. नामनिर्देशनाविषयी मात्र मोठा गैरसमज आढळतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीपूर्वी विमापत्रावर ज्याचे नाव लिहिले तो केवळ पैसे स्वीकारणारा असे, मालक नव्हे. मालक वारसच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली स्पष्ट केले होते. हे ठाऊक नसल्यामुळे तेराव्याच्या आत भावाभावांत वितुष्ट आलेली घरे थोडी नाहीत.

येथे दुसऱ्या बाजूचाही न्याय केला पाहिजे. पुस्तक पेटीत ठेवणारा प्रत्येक मुलगा लबाड नसतो. बालाघाटचे तरुण कामासाठी नागपूरला, हैदराबादला जातात. मागे राहते ती सून. सासऱ्याला गोंदियाच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यात नेणे, औषधे आणणे, रात्री उठणे हे तिच्याकडे. बुडालेल्या मजुरीचा आकडा कोणत्याही वहीत नसतो. बाहेरगावचा दीर सणाला येतो आणि विचारतो, "बाबांचे पैसे कुठे गेले?" ज्या घरात साध्या वहीत तारीखवार खर्च लिहिलेला असतो, औषधाच्या पावत्या जपलेल्या असतात, तेथे सुनेला खाली मान घालावी लागत नाही. वही ही अविश्वासाची खूण आहे, असे आपल्याकडे उगाच समजले जाते.

कायद्यानेही या नात्याकडे उशिराच पाहिले. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगी होती ती बायकोमुलांची. आईबापांचा समावेश १९७३ च्या संहितेत झाला. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी आहे, हे १९८७ साली कल्याणच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांसाठी उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरण नेमले. दाद मागण्यास वकील लागत नाही. त्याच कायद्याचे २३ वे कलम सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते.

या कलमाची कसोटी लागली ती मध्य प्रदेशातच, बुंदेलखंडातील छतरपूर येथे. एका आईने २०१९ साली आपली मालमत्ता मुलाला बक्षीसपत्राने दिली. जन्मभर सांभाळीन, न सांभाळल्यास आईने ती परत घ्यावी, असे वचनपत्र मुलाने लिहून दिल्याचे तिचे म्हणणे होते. मुलाने ते खोटे ठरविले. न्यायाधिकरणाने बक्षीसपत्र रद्द केले, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरविला, कारण अट बक्षीसपत्रातच असावयास हवी होती. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले आणि घर आईला परत देण्याचा आदेश दिला.