जपानी वाइनचे तीन पेले

'देशी' आणि 'परकीय' हे शब्द साहित्यचर्चेत आपण फार निःशंकपणे वापरतो. त्यांची कसोटी पाहायची तर टोकियोतील एखाद्या वाइन बारमध्ये, बाटली न मागवता पेल्यापेल्याने मिळणाऱ्या जपानी वाइन चाखाव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिला पेला 'कोशू'चा. रंग जवळजवळ पाण्यासारखा, गंध लिंबाच्या जातकुळीचा, चव हलकी. यामानाशीचे जुने नाव धारण करणारे हे गुलाबी सालीचे द्राक्ष जपानचे अगदी स्वतःचे मानले जाते. इ.स. ७१८ मध्ये ग्योकी या भिक्षूला कात्सुनुमा येथे हाती द्राक्षांचा घड धरलेल्या भैषज्यगुरू बुद्धाचे दर्शन झाले, अशी तेथील दाइझेन्जी मंदिराची आख्यायिका आहे. जनुकशास्त्र मात्र सांगते की या वेलीचे कूळ मुख्यतः युरोपीय द्राक्षाचे असून तीत पूर्व आशियातील रानवेलींचा अंश आहे. म्हणजे आख्यायिकेतील बुद्धाप्रमाणे द्राक्षही बाहेरूनच आलेले! वाइन करण्याची विद्याही तशीच. १८७७ साली कात्सुनुमा येथील नव्या कंपनीने ताकानो मासानारी आणि त्सुचिया र्‍युकेन या दोन तरुणांना ती शिकण्यासाठी फ्रान्सला धाडले.

दुसरा पेला लाल, स्ट्रॉबेरीसारख्या गोड वासाचा : 'मस्कट बेली ए'. निइगाताचे जमीनदार कावाकामी झेनबेई यांनी १८९० मध्ये इवानोहारा हा मळा उभारला आणि १९२७ मध्ये अमेरिकन संकरित 'बेली' व युरोपीय 'मस्कट हॅम्बुर्ग' यांच्या संयोगातून हे वाण सिद्ध केले. आईबाप दोघेही परके; जन्म मात्र जपानी मातीतला.

तिसरा पेला नागानोतील 'मेर्लो'चा. इथे तर वाणही फ्रेंच आणि नावही फ्रेंच.

या इतिहासात राज्यसंस्थेला वाइनच्या चवीशी नेहमीच कर्तव्य होते, असे नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाला पाणबुड्यांची चाहूल घेणाऱ्या यंत्रांसाठी वाइनमधून निघणारे टार्टरिक आम्ल हवे होते, म्हणून वाइननिर्मितीस उत्तेजन मिळाले. पुढे कित्येक दशके आयात केलेल्या द्राक्षरसापासून देशात केलेली वाइनही 'देशी उत्पादन' म्हणून खपत राहिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये लागू झालेल्या नियमाने रेषा आखली : केवळ जपानात पिकलेल्या द्राक्षांपासून जपानातच केलेली वाइन तेवढी 'जपानी वाइन'.

या व्याख्येत आम्हांस विशेष वाटते ते हे की ती वेलीचे कूळ विचारीत नाही. फळ कोठे पिकले, एवढेच विचारते. त्यामुळे नागानोचा मेर्लो जपानी ठरतो आणि परदेशी रसाची वाइन, जपानात आंबवलेली असूनही, ठरत नाही. कोशूलाही आख्यायिकेच्या आधाराची गरज उरत नाही. कात्सुनुमाच्या मांडवांखाली पिढ्यान्‌पिढ्या झालेली मशागत पुरते. साहित्यप्रकारांच्या कुळाविषयी आपण वाद घालतो, तेव्हा मूळ कोठले याबरोबरच मशागत कोणी केली, हेही विचारले जावे.