शहापासून चेकपर्यंत

‘चेक’ हा इंग्रजी शब्द मराठी माणसाच्या जिभेवर सहज रुळला आहे. कारकून हिशेब ‘चेक’ करतो, शिंपी ‘चेक्स’चे कापड बेततो आणि पगारदार बँकेत ‘चेक’ भरतो. अडविणे, तपासणे, चौकडी आणि धनादेश या चार अर्थांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न कोणासही पडावा. ते नाते बुद्धिबळाच्या पटावर जुळले आहे.

भारतातील चतुरंग इराणात गेले. तेथे प्रतिपक्षाच्या राजावर मारा होताच ‘शाह’, म्हणजे ‘राजा’, असा इशारा देत. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर खेळ आणि शब्द दोन्ही पश्चिमेकडे निघाले. लॅटिन व जुन्या फ्रेंच भाषांतून वळणे घेत ‘शाह’चा इंग्रजीत ‘चेक’ झाला. राजाची वाट अडते म्हणून ‘चेक’ म्हणजे अडवणूक, आणि अडवून पाहणे म्हणजे तपासणी. मराठीने हे शब्द फारसीतूनच घेतले; ‘शह देणे’ आणि ‘मात करणे’ ही त्यांचीच लेकरे होत.

पटावरील घरांनी कापडाला नाव दिले, तसे खजिन्यालाही दिले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेबनीस सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद मेजाभोवती बसत. त्यावरील वस्त्रावर पेनी, शिलिंग, पौंड यांचे रकाने आखलेले असत व त्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी होई. पटाशी असलेल्या साम्यामुळे या कचेरीस ‘एक्सचेकर’ म्हणू लागले. खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने आपल्या ग्रंथात खजिनदार व शेरीफ यांच्यातील हिशेबाला बुद्धिबळातील लढाईचीच उपमा दिली आहे.

अठराव्या शतकात अफरातफर रोखण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीलाही ‘चेक’ म्हणत. पुढे ते नाव पैशाच्या कागदालाच चिकटले. इंग्लंडात त्याच्या स्पेलिंगवर ‘एक्सचेकर’ची छाया पडली, अमेरिकेने जुनेच रूप राखले.

अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेतील सत्तांच्या परस्परनियंत्रणालाही ‘चेक’ असेच म्हणतात. १९५० साली अंमलात आलेल्या भारतीय संविधानाने नियंत्रक व महालेखापरीक्षकाचे पद स्वतंत्र ठेवले, त्यामागे हेच तत्त्व आहे. जो शब्द एके काळी केवळ राजाचे नाव होता, तोच आज राजसत्तेला जाब विचारतो. हिशेबाच्या वहीतील तपासणीची बारीकशी खूण म्हणूनच क्षुल्लक नव्हे. सत्तेला दिलेला तो शह आहे.