बेरजेबाहेरचे आबा

काम उरकून केदारनाथ, म्हणजे आमचे जोतिबा, हिमालयाकडं परत निघाले, तेव्हा अंबाबाई त्यांची मनधरणी करायला कोल्हापुरातून अनवाणी चालत डोंगरावर गेली. म्हणून माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायचे. ही कथा मी तात्यांकडून ऐकली, कुशिऱ्यावरून गायमुखाकडं चढताना. तात्या म्हणजे आमच्या आबांचे चुलतभाऊ. देवीनं काय काय विनवण्या केल्या ते तात्या रंगवून सांगत. मध्येच आबा काठी टेकून थांबत आणि म्हणत, “आन् यशवंतराव चव्हाणांनी काय दिऊन तुजी समजूत घातली, ते बी सांग पोराला.”

“मला न्हाई, गावाला दिलं त्यांनी,” तात्या म्हणत. मग चढ संपेपर्यंत दोघांचं भांडण चाले.

दोघेही मूळचे लाल बावट्याचे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमधून बाहेर पडले आणि शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) उभा राहिला, तेव्हा आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं त्यात गेली. 1950 साली मालेगावजवळच्या दाभाडीत पक्षानं मार्क्स-लेनिनचा मार्ग पत्करला. आबांना लेनिन किती कळला होता, शंका आहे. सावकार मात्र पुरता कळला होता. 1952 च्या निवडणुकीत पक्षाला फार यश आलं नाही, आणि 1954 मध्ये खुद्द जेधे-मोरेच काँग्रेसमध्ये परतले. आबा म्हणायचे, बी पेरणारेच शेत सोडून गेले.

पण 1957 ला वारं फिरलं. संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. कोल्हापूर लोकसभेचा मतदारसंघ तेव्हा दुहेरी होता; शेकापचे भाऊसाहेब महागावकर त्यात निवडून आले. कराडात काँग्रेसचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः थोडक्यात वाचले. हा माणूस त्यातून जे शिकला त्यालाच पुढं बेरजेचं राजकारण म्हणू लागले. विरोधकाला पाडत बसण्यापेक्षा त्याला घरात घ्या. रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते शेकाप सोडून काँग्रेसमध्ये आले, आणि त्यांच्यामागून गावोगावचे तात्या आले.

योगायोग असा, की त्याच 1957 साली अमेरिकेत अँथनी डाऊन्स नावाच्या अभ्यासकाचं पुस्तक निघालं. दोनच पक्ष असतील तर मतांसाठी दोघंही मधल्या मतदाराकडं सरकतात, हा त्यातला सिद्धांत. त्यातला मतदार जागचा हलत नाही, पक्षच त्याच्याकडं चालत जातात. आमच्याकडं मध्यच हलत होता. तात्या डावीकडून आत आले तसा काँग्रेसचा मध्यही थोडा डावीकडं आला. 1961 ला जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला, 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखान्यांना बळ मिळालं. हे सगळं एकट्या शेकापमुळं झालं असं म्हणणं आगाऊपणाचं ठरेल. पण शेकापची भीती नसती तर एवढ्या लवकर झालं नसतं, हे तात्यांनीही एकदा कबूल केलं होतं. एरवी त्यांचा हिशेब साधा होता. कारखान्याला परवाना लागतो, पाण्याच्या योजनेला कर्ज लागतं, आणि दोन्ही मुंबईतून येतं. “बावटा धरून ऊस जाईत न्हाई गाळपाला.”

1962 ची निवडणूक माघातच झाली. नुकतीच अष्टग्रही होऊन गेली होती, जग बुडणार म्हणून लोकांनी होमहवन केले होते. जग राहिलं, आबांचा पक्ष बुडाला. 264 पैकी 215 जागा काँग्रेसला, 15 शेकापला. कोल्हापुरातून काँग्रेसचे व्ही. टी. पाटील लोकसभेत गेले. तात्या प्रचाराच्या जीपमध्ये होते. दोघांचं बोलणंच बंद झालं.

त्याच वर्षी जोतिबाच्या चैत्री यात्रेत गावची सासनकाठी, म्हणजे देवाच्या मानाची उंच काठी, डोंगरावर गेली. काठी एकानं पोटाशी बांधून पेलायची आणि उरलेल्यांनी वरून सोडलेल्या तोरण्या धरून तिचा तोल राखायचा. एक तोरणी आबांकडं, तिच्या समोरची तात्यांकडं; हा मान वडिलांपासूनचा, त्यात पक्ष कुठला आणणार? देवळाच्या आवारात वारा सुटला. डोळ्यांत गुलाल, वरून खोबऱ्याच्या वाट्या पडतायत, आणि तात्यांनी घाबरून तोरणी ताणून धरली. काठी त्यांच्या अंगावर कलली. आबा ओरडले, “ढील दे रं, बाबा! मी धरलोय!” निवडणुकीनंतरचं दोघांतलं हे पहिलं वाक्य.

आबांची तक्रार तात्यांबद्दल नव्हतीच. सगळीच आत गेल्यावर बाहेर कोण उरणार, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो आता जास्त पटतो. पक्षापक्षांतलं भांडण मिटलं नाही, ते एकाच पक्षातल्या गटागटांत शिरलं. पुढं 1977 ला शेकापचे दाजीबा देसाई लोकसभेत गेले, 1978 ला पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात शेकापचेच एन. डी. पाटील सहकारमंत्री झाले. तात्यांनी चिमटा काढला, “आता तुमी बी आलासा की मधी!” आबा ओशाळले नाहीत, पण पेढेही वाटले नाहीत.

हल्ली तर कोण कुठून कुठं सरकला हे मोजायचीही सोय नाही. आमच्या पन्हाळ्याच्या विनय कोरेंचा जनसुराज्य पक्ष 2004 नंतर काँग्रेस आघाडीच्या सरकारात होता, 2019 नंतर भाजपबरोबर. त्याच 2019 ला काँग्रेसच्या सतेज पाटलांनी “आमचं ठरलंय” म्हणत आपल्याच आघाडीचे लोकसभेचे उमेदवार धनंजय महाडिक सोडून शिवसेनेच्या संजय मंडलिकांना बळ दिलं, आणि मंडलिक निवडून आले. ही माणसं चलाख आहेत, कामंही करतात. पण यशवंतरावांच्या बेरजेत निदान एक कार्यक्रम आत येत होता. इथं माणूस एकटाच येतो, सोबत काही आणत नाही.

एन. डी. मात्र आयुष्यभर शेकापमध्येच राहिले. कोल्हापुरात रस्त्यांवर टोल बसला तेव्हा ऐंशी ओलांडलेला हा माणूस मोर्चाच्या पुढं होता. आबा तेव्हा नव्हते. तात्यांचा नातू त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाचा पदाधिकारी. पक्षाचा बिल्ला घरी ठेवून तो एन. डीं.च्या मागं चालला. 2015 च्या अखेरीस टोल रद्द झाला, आणि पुढच्या निवडणुकीत नातू पुन्हा आपल्या पक्षाच्या जीपमध्ये बसला.