सुवर्णगिरीवरील चिनी पेठ

सॅन फ्रान्सिस्को नगरांत ग्रँट ॲव्हेन्यू नांवाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्यानें चालूं लागलें म्हणजे दोहों बाजूंस वर वळलेल्या छपरांच्या, तांबड्या-हिरव्या रंगांच्या, पॅगोड्यासारखे मजले चढविलेल्या इमारती दिसूं लागतात. प्रवासी थबकतो आणि मनाशीं म्हणतो कीं, चीन देशाचा एक तुकडाच कोणीं तरी उचलून पॅसिफिक महासागराच्या या तीरावर आणून ठेवला आहे. ही समजूत गोड आहे, पण खरी नाहीं. तीं छपरें चीनहून आलेलीं नाहींत. १९०६ च्या भूकंपानंतर तेथील चिनी व्यापाऱ्यांनीं गोऱ्या वास्तुकारांकडून तीं मुद्दाम बांधवून घेतलीं; आणि तीं बांधण्यांत हौसेपेक्षां धास्तीचा भाग अधिक होता. त्याआधीं पन्नास वर्षें हीच वस्ती त्या शहरांतल्या इतर घरांसारख्याच साध्या घरांतून नांदत होती. मग या लोकांचें चिनीपण, किंवा आज ज्याला आशियाईपण म्हणतात तें, शोधावें कोठें? छपरांत, कीं आणखी कोठें? परक्या गांवीं घर करून राहिलेल्या कोणत्याही समाजाला हा प्रश्न आज ना उद्यां पडतोच. म्हणून त्या वस्तीचा इतिहास जरा सावकाश पाहण्यासारखा आहे.

१८४८ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. ती वार्ता क्वांगतुंग प्रांतांत पोंचतांच तेथील दारिद्र्यानें आणि यादवीनें गांजलेले शेतकरी जहाजें गांठूं लागले. त्या दूरच्या भूमीला त्यांनीं नांव दिलें ‘सुवर्णगिरि’. एकट्या १८५२ सालीं सुमारें २०,००० चिनी या बंदरांत उतरले. सोनें थोड्यांच्याच हातीं लागलें. बाकीच्यांनीं सुरुंग लावून डोंगर फोडले. अमेरिकेचीं पूर्व व पश्चिम टोकें जोडणारा जो लोहमार्ग १८६९ च्या मे महिन्यांत पुरा झाला, त्याच्या पश्चिमेकडील भागावर खपणाऱ्या मजुरांत बहुसंख्य चिनीच होते. काम संपलें, मंदी आली, आणि काल कष्टाळू म्हणून वाखाणलेला मजूर आज पोटावर पाय देणारा शत्रु ठरला. १८७७ च्या जुलैंत सॅन फ्रान्सिस्कोंत चिनी लाँड्र्यांवर जमाव चालून गेला. डेनिस कीर्नी नांवाचा वक्ता ‘चिन्यांनीं गेलेंच पाहिजे’ या एका घोषणेवर मजुरांचा पुढारी बनला. १८८२ सालीं काँग्रेसनें चिनी मजुरांना देशाचें दार बंद करणारा कायदा केला आणि जे आंत होते त्यांनाही नागरिकत्वाची वाट बंद केली.

अशा वेळीं परका समाज सामान्यतः दोहोंपैकीं एक मार्ग धरतो. एक तर तो आपल्या गल्लींत मिटून बसतो, नाहीं तर आपलें होतें-नव्हतें तें टाकून यजमानाची नक्कल करूं लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिन्यांनीं गल्ली सोडली नाहीं हें खरें. एकाच जिल्ह्यांतून आलेल्या लोकांचे संघ त्यांनीं स्थापिले होते. त्या संघांचें मंडळ ‘सिक्स कंपनीज’ या नांवानें ओळखलें जाई. नवागतास आसरा देणें, आपसांतले तंटे तोडणें, मेलेल्यांच्या अस्थि मायदेशीं पोंचविणें हीं त्याचीं कामें. परंतु याच मंडळानें व धोबीकाम करणाऱ्यांसारख्या धंदेवाईक संघांनीं वर्गण्या गोळा करून उत्तम वकील नेमले, आणि नगराच्या अन्यायाविरुद्ध त्याच देशाच्या न्यायासनापुढें दाद मागितली. तिसरा मार्ग तो हा.

या मार्गावरील कांहीं मुक्काम सांगण्यासारखे आहेत. १८७० सालीं नगरानें नियम केला कीं, निजण्याच्या जागेंत दर माणशीं ५०० घनफूट हवा असलीच पाहिजे. नियम वाचावयास आरोग्याचा, वापरावयास चिन्यांविरुद्ध. दंड भरण्याऐवजीं मजूर तुरुंगांत जाऊं लागले व तुरुंग गच्च भरले. तेथें मात्र ५०० घनफूट हवेची कोणास आठवण झाली नाहीं. तेव्हां १८७६ सालीं दुसरा नियम निघाला, कीं कैद्यांचे केस इंचभर ठेवून कापावे. मंचू बादशहाच्या प्रजेला वेणी राखणें सक्तीचें होतें. ती गेलेल्या माणसास मायदेशीं तोंड दाखविण्याची सोय नव्हती. हो आह कौ नांवाच्या मजुराची वेणी अशीच कापली गेली. त्यानें थेट शेरीफवर फिर्याद केली, आणि १८७९ सालीं न्यायमूर्ति स्टीफन फील्ड यांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला. नियमाचे शब्द सर्वांना लागू असले तरी त्याचा रोख कोणावर आहे हें उघड दिसत असतां न्यायाधीशानें डोळे मिटून बसूं नये, असा त्या निकालाचा भावार्थ होता.

याहूनही मोठी गोष्ट एका लाँड्रीची आहे. लाकडी इमारतींत लाँड्री चालविण्यास नगराचा परवाना हवा असें १८८० सालीं ठरलें. शहरांत सुमारें ३२० लाँड्र्या होत्या; त्यांपैकीं ३१० लाकडी घरांत, आणि सुमारें २४० चिन्यांच्या. २०० चिन्यांनीं परवाने मागितले. एकालाही मिळाला नाहीं. सुमारें ८० इतरांनीं मागितले. एक सोडून सर्वांना मिळाले. बावीस वर्षें त्याच जागीं कपडे धूत आलेला एक गृहस्थ परवान्याशिवाय धंदा करतो म्हणून तुरुंगांत पडला व त्याचा खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८८६ च्या मे महिन्यांत त्या न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, कायदा कागदावर निर्मळ असला तरी तो वांकड्या हातानें राबविला गेला तर तो अन्यायच होय. आणि कायद्याचें समान संरक्षण केवळ नागरिकांना नव्हे, तर त्या भूमीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला आहे. पुढें कितीतरी पीडितांनीं या निकालाचा आधार घेतला. यांतली एक गोष्ट मात्र मनाला चटका लावते. त्या गृहस्थाचें नांव ली यिक असल्याचें सांगतात. खटला गाजला तो ‘यिक वो’ या त्याच्या दुकानाच्या नांवानें! ज्या न्यायासनानें त्याला माणूस म्हणून मानलें, त्याच्या दप्तरींही माणसाचें नांव चढलें नाहीं.

प्रत्येक लढाई जिंकली गेली असें नाहीं. १८८४ सालीं मेमी टेप या आठ वर्षांच्या मुलीला सरकारी शाळेनें ती चिनी आहे म्हणून परत पाठविलें. आईबापांनीं खटला केला आणि १८८५ सालीं तो जिंकला; पण विधिमंडळानें लगोलग कायदा बदलून चिनी मुलांसाठीं वेगळी शाळा काढण्याची सोय करून घेतली. तिच्या आईनें शाळामंडळाला लिहिलेलें जळजळीत पत्र वर्तमानपत्रांत छापून आलें. मुलगी अखेर वेगळ्या शाळेंतच गेली. पुढें तेरा वर्षांनीं, १८९८ च्या मार्चमध्यें, याच शहरांत जन्मलेल्या वाँग किम आर्क नांवाच्या आचाऱ्यानें सर्वोच्च न्यायालयाकडून असा निर्णय मिळविला कीं, अमेरिकेंत जन्मलेला मूल, त्याचे आईबाप परदेशी प्रजाजन असले तरीही, जन्मानेंच अमेरिकेचा नागरिक होय. हा लाभ त्या एका आचाऱ्यापुरता राहिला नाहीं. तो पुढें सर्व देशांतून आलेल्यांच्या मुलांना मिळाला.

यानंतरच्या प्रसंगाचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकिन यांनीं लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगच्या नांवाखालीं झालेल्या घरझडत्या, आणि त्यांचा जूनमध्यें रँडसाहेबांच्या खुनांत झालेला शेवट, महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. १९०० च्या मार्चमध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी पेठेंत प्लेगचा पहिला बळी आढळला. अधिकाऱ्यांनीं पेठेभोंवतीं दोर लावले. मात्र ती सीमा अशी नागमोडी आंखली कीं, कडेचीं गोऱ्यांचीं घरें व दुकानें बाहेर राहावीं. मग हाफकिनची लस टोंचून घेतल्याशिवाय कोणाही आशियाई माणसानें शहराबाहेर पडूं नये असा हुकूम निघाला. चिनी पुन्हां न्यायालयांत गेले. न्यायाधीश मॉरो यांनीं मे महिन्यांत टोंचणीची सक्ति आणि जूनमध्यें ती वेशबंदी, दोन्ही रद्द केलीं. रोग पाहून उपाय करा, वंश पाहून नव्हे, हें त्यांचें सार होय. आणि त्यांच्या निकालाचा पाया होता त्या लाँड्रीवाल्याचा खटला.

येथें सत्य पुरतें सांगितलें पाहिजे. प्लेग खोटा नव्हता. १९०४ पर्यंत त्यानें ११९ माणसें नेलीं. चिनी पुढाऱ्यांनीं, आणि व्यापार बुडेल या भीतीनें खुद्द राज्याच्या गव्हर्नरानें, रोग नाहींच असें म्हणत राहावें हा मोठाच अपराध झाला. पण त्यांतूनही एक बोध निघतो. ज्या समाजाला अधिकाऱ्याच्या हेतूविषयीं विश्वास उरलेला नाहीं, तो त्याचें औषधही विषासमान मानतो. पुण्यांत हें दिसलें, सॅन फ्रान्सिस्कोंत दिसलें.

१८ एप्रिल १९०६ च्या पहांटे भूकंप झाला व मागून लागलेल्या आगींत सारी चिनी पेठ भस्म झाली. मोक्याची जागा आयती मोकळी झाली, तेव्हां चिन्यांना शहराच्या टोंकाला हंटर्स पॉइंटकडे हलवावें अशी योजना पुढारी आंखूं लागले. चिनी वकिलातीनें विरोध केला, जागेच्या मालकांनीं भाड्याकडे पाहिलें, आणि व्यापाऱ्यांनीं एक चतुर तोड काढली. लुक टिन इलाय या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें त्यांनीं ठरविलें कीं, पेठ पूर्वींच्याच जागीं उभी करावयाची, पण गोऱ्या पाहुण्याच्या कल्पनेंतला चीन तींत उभा करावयाचा, म्हणजे ही पेठ शहराला ओझें न वाटतां दागिना वाटेल. हाच लुक तरुणपणीं, १८८४ सालीं, आपलें जन्मसिद्ध नागरिकत्व न्यायालयांत सिद्ध करून चुकला होता. तेव्हां ग्रँट ॲव्हेन्यूवरील तीं वळलेलीं छपरें म्हणजे ओळख नव्हे. ती ढाल होय. ढालीवर नक्षी असते, पण ती धरणारा हात निराळा असतो.

या काळापर्यंत ‘आशियाई’ हें नांव कोणी आपण होऊन घेत नव्हतें. तें दुसऱ्यांनीं लावलेलें होतें. १९०६ च्या अखेरीस जपानी मुलांना चिन्यांच्या शाळेंत घालण्याचा हुकूम झाला, तेव्हां आम्हांला चिन्यांत मोजूं नका, असाही जपान्यांच्या रागाचा एक सूर होता. आमचे हिंदी लोकही येथें होते. १९१३ सालीं ‘गदर’ पत्र याच नगरांतून निघालें, व तळेगांव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे त्या चळवळींत पडून १९१५ सालीं लाहोरास फांसावर चढले. परंतु त्या मंडळींचे डोळे स्वदेशाकडे लागलेले होते, शेजारच्या गल्लीकडे नव्हते. १९४२ सालीं जपानी कुटुंबांना घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत कोंडलें गेलें, तेव्हां कित्येक चिनी ‘मी चिनी आहें’ असे बिल्ले छातीवर लावून फिरूं लागले. त्यांना दोष देणें सोपें आहे. भीति माणसाला शेजारी ओळखूं देत नाहीं. पुढल्याच वर्षीं चीन हें युद्धांतलें मित्रराष्ट्र म्हणून १८८२ चा कायदा रद्द झाला, आणि दर साल १०५ चिन्यांना प्रवेश मिळाला!

ही भिंत पाडली ती या लोकांच्या नातवांनीं. १९६८ सालीं बर्कलेच्या विद्यार्थ्यांनीं ‘एशियन अमेरिकन’ हें नांव स्वतः होऊन घेतलें. त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजांत कृष्णवर्णीय व इतर विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनीं सुमारें पांच महिने संप चालविला. चिनी पेठेच्या कडेस, कर्नी रस्त्यावर, इंटरनॅशनल हॉटेल नांवाची जुनी इमारत होती. तींत फिलिपिनो व चिनी म्हातारे मजूर थोड्या भाड्यांत राहत. मालकाला ती पाडावयाची होती. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहांटेपूर्वीं पोलिस आले, तेव्हां नाना वंशांचे हजारों लोक हातांत हात गुंफून इमारतीभोंवतीं उभे होते. म्हातारे बाहेर काढले गेले, इमारत पडली. पण ती जागा लोकांनीं विसरूं दिली नाहीं. २००५ सालीं तेथें गरीब वृद्धांसाठीं शंभरावर बिऱ्हाडांची नवी इमारत उभी राहिली. माझ्या मतें त्या शहरांतील आशियाईपणाचा जन्म त्या रात्रीच्या साखळींत शोधावा. चिनी नातवानें फिलिपिनो आजोबाला आपलें म्हटलें, तो तो क्षण.

चिनी पेठेंत वळलेल्या छपरांचें एक टेलिफोन कार्यालय होतें. तें १९४९ सालीं बंद झालें. तेथें काम करणाऱ्या स्त्रियांना वस्तींतील ग्राहकांचीं नांवें तोंडपाठ असत. माणसाला आंकड्यानें हांक मारणें अशिष्टपणाचें म्हणून लोक नुसतें नांव सांगत, आणि त्या जोडून देत. बाहेरचा माणूस छपराचें चित्र काढून नेई. आंत माणसें एकमेकांना नांवानें ओळखीत होतीं. ज्या लाँड्रीवाल्याचें नांव न्यायालयाच्या दप्तरीं चढलें नाहीं, त्याच्याच वस्तींतली ही गोष्ट. संस्कृति पेटींत भरून आणतां येते, पण ती टिकते अशा ओळखीनें. आणि तिला मान मिळतो तो नगराच्या चावडीवर उभें राहून, स्वतःसाठीं मागितलेला न्याय सर्वांच्या उपयोगीं पडल्यानें. मुंबईच्या चाळींतून, कराचीच्या पेठांतून, आणि आज सातासमुद्रांपलीकडे मंडळें व उत्सव चालविणाऱ्या आपल्या माणसांनींही स्वतःस एवढेंच विचारावें: आपण छप्पर बांधीत आहों, कीं शेजाऱ्याचें नांव शिकत आहों?